फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र
निर्यातीचा शेतमाल तपासलेला, कीड-रोगमुक्त आणि आयातदार देशाच्या अटींत बसणारा आहे, अशी सरकारी लेखी हमी. तिचा नमुना १९५१ च्या आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण करारात आहे. भारतातील मुख्य यंत्रणा फरीदाबादचे वनस्पती संरक्षण, संगरोध व साठवण संचालनालय.

खानदेशात हा कागद केळीमुळे ओळखीचा झाला. रावेर-यावलकडच्या बागांतला माल पॅकहाउसमध्ये येतो. घडाच्या फण्या सोडवून धुतात, पिठ्या ढेकूण वा खवले कीड दिसलेली फणी बाजूला जाते. जळगाव केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. जून २०२१ मध्ये तांदलवाडीची मानांकित २२ टन केळी दुबईला गेली. मानांकन आणि हे प्रमाणपत्र यांत अनेकांची गल्लत होते : पहिले मूळ सांगते, दुसरे आरोग्य.

आयातीला २००३ चा वनस्पती संगरोध आदेश लागू आहे. केळीबाबत ही कडक तपासणी जाचक वाटली तरी रास्तच. पनामा मर रोगाची बुरशी बाधित कंदांतून, मातीतून पसरते आणि जमिनीत वर्षानुवर्षे टिकते. लाकडी खोकी, पॅलेट यांनाही उष्णता किंवा धुरीची प्रक्रिया व तसा शिक्का लागतो.

निर्यातीत आयातदार देशाची परवानगीही लागते : कॅनडाने भारतीय केळीला प्रवेश दिला तो एप्रिल २०२२ मध्ये.