पोरीला अकोल्याला क्लासला पाठवायचं का?

आम्ही बोलतोय खारपाणपट्ट्यातून, दर्यापूर आणि मूर्तिजापूरच्या मधल्या एका गावातून. आमच्या फाट्यावर एक एसटी अकोल्याकडे जाते आणि एक अमरावतीकडे. आजारपण असो, लग्नाचा बस्ता असो की पोरांचं शिक्षण, कोणत्या एसटीत बसायचं हे आधी ठरवावं लागतं.

दहावीचा निकाल लागला आणि गटाच्या बैठकीत आमच्यातल्या एकीनं कर्जाचा अर्ज ठेवला. बियाण्यासाठी नाही, शेळ्यांसाठी नाही. पोरीला डॉक्टर व्हायचंय, तिला अकोल्याला नीटच्या क्लासला घालायचं आहे. दोन वर्षांची फी लाखाच्या वर, खोली आणि मेस वेगळी. थोडा वेळ कोणी बोललंच नाही. मग एक म्हणाली, "पैसे देऊन देऊ वं, पण पोट्टीचा नंबर नाही लागला तं?" दुसरी तिथल्या तिथं म्हणाली, "आन पोट्टा असता तं हे इचारलं असतं का?"

त्या दिवशी निर्णय झाला नाही. अर्ज पुढच्या बैठकीवर ठेवला. मधल्या दिवसांत आम्ही गावातल्या निवृत्त गुरुजींकडे बसलो, वाचनालयातून पुस्तकं आणली, क्लास केलेल्या पोरांशी बोललो. त्यातून जे हाती लागलं ते आज सांगतोय.

पहिलं हे, की शिकायला अकोल्याला जाणं आजचं नाही. गोपाळ गणेश आगरकर हे नाव तुम्ही ऐकलं असेल. त्यांचा जन्म कऱ्हाडजवळच्या टेंभूचा, १८५६ चा. घरची गरिबी इतकी की शिक्षण मधेच तुटायचं. शेवटी ते अकोल्याला नातेवाइकांकडे आले आणि १८७५ मध्ये इथूनच मॅट्रिक झाले. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकले, टिळक-चिपळूणकरांसोबत न्यू इंग्लिश स्कूल उभं केलं, 'सुधारक' काढला. मुलींना मुलांसारखंच आणि मुलांबरोबरच शिकवा, असं त्या काळात त्यांनी छापून सांगितलं. अकोल्यात मॅट्रिक झालेल्या माणसानं हे म्हटलं, याचा आम्हाला तरी अभिमान वाटला.

मॅट्रिक म्हणजे तेव्हा काय होतं? मुंबई विद्यापीठाची ती प्रवेश परीक्षाच होती. पहिली मॅट्रिक झाली १८५९ ला. ती पास झालं की कॉलेजचं दार उघडायचं. म्हणजे आजची नीट आणि सीईटी यांची ती पणजी म्हणा. तीही अवघडच होती, पुष्कळ पोरं नापास व्हायची. फरक एवढाच, की शाळेत जे शिकवत त्याचीच परीक्षा असे. हेडमास्तर चांगला असला तर पोरगा तरून जायचा.

आणि परगावी राहायचा खर्च? मेस नव्हती तेव्हा. पोरं वार लावून जेवायची. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. राहायला मामा, आत्या, नाहीतर कोणाची तरी ओसरी. यात जात मोठी आड यायची हे विसरता येत नाही. वार मिळायचे ते ठरावीक जातींच्या मुलांना, आणि मुलींना तर नाहीच. पण ज्यांना मिळायचे त्यांचं शिक्षण एकट्या बापाच्या खिशातून होत नव्हतं, सात घरं मिळून एक पोरगा शिकवत होती.

वऱ्हाडात कॉलेज यायला फार वेळ लागला. अमरावतीला किंग एडवर्ड कॉलेज निघालं ते १९२३ मध्ये. आज त्याला आपण विदर्भ महाविद्यालय म्हणतो. त्याआधी मॅट्रिक झालेल्या पोरानं नागपूर, पुणे, मुंबई गाठायची. पापळच्या शेतकऱ्याचा मुलगा पंजाबराव देशमुख तसाच पुण्याच्या फर्ग्युसनला गेला आणि पुढे विलायतेला. परत आल्यावर त्यांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढलं, सगळ्या जातींची मुलं एकत्र राहतील असं. मग श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली, गावोगाव शाळा निघाल्या. गाडगेबाबा आमच्याच जिल्ह्यातल्या शेंडगावचे. ते कीर्तनात सांगत फिरत की घरची भांडी विका, पण पोरांना शाळेत घाला. आमच्या आज्यांनी ते कीर्तन ऐकलेलं. एकीची आजी म्हणायची, "भांडे इकायची पाळी आली नाही, कारण पंजाबरावाची शाळा गावात आली." हे आम्हाला फार मोलाचं वाटतं. भांडी विकायला सांगणारा होता आणि भांडी विकावी लागू नयेत म्हणून शाळा काढणाराही होता.

पुढचा काळ आमच्या आईबापांचा आणि आमचा. नवीन पद्धतीची दहावी १९७५ ला सुरू झाली, बारावीची पहिली परीक्षा १९७७ ला. डॉक्टर किंवा इंजिनिअर व्हायचं तर बारावीचे मार्क बघत. आमच्या शाळेत गणिताचे सर परीक्षेच्या आधी सकाळी सहाला जादा तास घ्यायचे, कंदील लावून, फुकट. त्याला कोणी क्लास म्हणत नव्हतं. शिकवणी म्हणजे शहरातल्या कच्च्या पोरांचं काम, हुशार पोराला शिकवणी लावली तर लोक हसायचे! १९८३ ला खासगी इंजिनिअरिंग कॉलेजं निघाली, बडनेऱ्याचं आणि शेगावचं त्याच सालचं. पंजाबरावांच्या नावाचं मेडिकल कॉलेज अमरावतीला १९८४ ला आलं, अकोल्याचं सरकारी मेडिकल २००२ ला. जागा वाढल्या, तशी पोरंही वाढली. बारावीच्या मार्कांवर एका-एका मार्कानं नंबर हुकायला लागला.

मग सरकारनं वेगळी प्रवेश परीक्षा आणली, सीईटी. चार पर्याय, एक गोल काळा करायचा. इथून गोष्ट बदलली. शाळा बारावीचं शिकवत राहिली, कारण तिचं काम ते. पण कॉलेजात जागा मिळायची दुसऱ्याच परीक्षेवर, आणि तिची तयारी शाळा करून घेत नव्हती. मधली ही जागा क्लासनं धरली. राजस्थानात कोटा, मराठवाड्यात लातूर आणि आपल्याकडे अकोला यांचा बोलबाला याच मधल्या जागेतून झाला, असं आम्हाला वाटतं.

डॉक्टरकीसाठी देशभर एकच परीक्षा, नीट, पहिल्यांदा २०१३ मध्ये झाली. त्याच वर्षी सुप्रीम कोर्टानं ती रद्द ठरवली, २०१६ ला परत आणली आणि २०१७ पासून आपल्या राज्यातल्या मेडिकलसाठीही तीच. पेपर मराठीतूनही देता येतो. २०२० ला राज्यातला ७०:३० चा विभागवार कोटा गेला. आधी विदर्भातल्या बहुतेक जागा विदर्भातल्या पोरांना मिळायच्या, आता त्या जागांसाठी सगळ्या महाराष्ट्राशी झुंज. अमरावती, बुलडाणा, वाशीम, यवतमाळची पोरं अकोल्यात खोल्या करून राहतात. एका खोलीत तिघं-चौघं, भिंतीवर वेळापत्रक, दारात स्लीपरांचा ढीग. आमच्या गावची दोन पोरं तशी राहून आली. एकाचा नंबर लागला. दुसरा आता बी.एस्सी. करतो आणि अकोल्याचं नाव काढलं की विषय बदलतो. त्याच्या क्लासमध्ये मार्कांवरून तुकड्या पाडल्या होत्या, खालच्या तुकडीला नवे मास्तर. फी मात्र सगळ्यांना सारखी.

आम्ही हिशेब मांडला. २०२४-२५ ला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता क्विंटलला ७५२१ रुपये. लाखाची फी म्हणजे तेरा क्विंटलच्या वर कापूस. आमच्या कोरडवाहूत तीन-चार एकरांचं सगळं पीक, तेही वेचाई आणि फवारणी न काढता. वार लावून जेवणाऱ्या पोराला सात घरं होती. आज हा सगळा भार एका घरावर. आणि ते घर हातउसने, सोनं गहाण, नाहीतर आठवड्याच्या हप्त्याचं कर्ज यांतून तो उचलतं.

परीक्षेचीही नीट माहिती घेतली. नीटमध्ये १८० प्रश्न, ७२० मार्क. बरोबर उत्तराला चार, चुकलं तर एक कापतात. म्हणजे अंदाजे ठोकून चालत नाही, सराव पाहिजेच. इंजिनिअरिंगच्या सीईटीत चुकलं तर मार्क कापत नाहीत, आणि अकरावी-बारावी मिळूनच सगळा अभ्यासक्रम असतो, त्यात अकरावीचा भाग वीस टक्के. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात बी.एस्सी. ॲग्रीला जायचं तरी सीईटी द्यावी लागते. पण सीईटीसाठी लाख रुपये मोजायची गरज आम्हाला दिसली नाही. चांगलं कनिष्ठ महाविद्यालय, पुस्तकं आणि जुने पेपर यांवर ते जमतं. नीटचं तसं छातीठोक सांगता येत नाही.

फ्लेक्सवरच्या फोटोंचंही बघा. "नीट पात्र" म्हणजे जागा मिळाली असं नव्हे. पात्र लाखो होतात, सरकारी जागा थोड्या. नोव्हेंबर २०२४ पासून केंद्राचा नियम आहे, की क्लासनं जाहिरातीत पोराचा फोटो टाकला तर त्यानं कोणता कोर्स केला आणि किती दिवस केला हेही सांगायचं. जानेवारी २०२४ च्या केंद्राच्या सूचना म्हणतात, की सोळा वर्षांखालचं पोर घ्यायचं नाही आणि मधेच क्लास सोडला तर उरलेल्या दिवसांची फी दहा दिवसांत परत करायची. या सूचना राज्यांनी अमलात आणायच्या आहेत. पण फी भरताना आपण हे विचारलं, की समोरचा आपल्याकडे वेगळ्या नजरेनं बघतो. आमच्यातल्या दोघी विचारून आल्या. एका ठिकाणी फी हप्त्यानं घ्यायला तयार झाले, एका ठिकाणी म्हणाले, "ताई, मग सीट नाही मिळणार."

आणखी एक गोष्ट फार कमी जणींना माहीत होती. नागपूरची महाज्योती संस्था ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांच्या दहावी पास पोरांना नीट, जेईई, सीईटीची ऑनलाइन शिकवणी फुकट देते, टॅबही देते. बार्टी आणि सारथी यांच्याही योजना असतात. अटी दरवर्षी बदलतात, म्हणून जाहिरात निघाली की लगेच अर्ज करायचा. आणि २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींची व्यावसायिक कॉलेजची शिक्षण फी आणि परीक्षा फी राज्य सरकार भरतं. म्हणजे आत गेल्यावर पोरीची फी माफ, आणि आत जायच्या आधीच लाखाचं दार.

आमच्या गटाच्या वहीत मागं पाहिलं. गेल्या पाच वर्षांत शिकवणीसाठी तीन कर्जं दिली, तिन्ही मुलांसाठी. तेव्हा नंबर लागेल का असं आम्ही कोणीच विचारलं नव्हतं. हे वहीत आमच्याच सह्यांनी आहे, म्हणून सांगितलं.

दुसऱ्या बैठकीत पोरीला बोलावलं. ती म्हणाली, "मले अकरावी इथंच करू द्या, महाज्योतीचा फार्म भरला आहे. कालेजात हजेरी लावतो. सराव पेपर कुठं कच्चे पडतात ते दिवाळीपर्यंत समजते. मंग बारावीले क्लास लावू." आम्ही सगळ्या एकमेकींकडे बघत राहिलो. आईनं पुऱ्या दोन वर्षांचा अर्ज केला होता, पोरीला एकच वर्ष पाहिजे होतं.

कर्ज मंजूर झालं, तिला लागेल तेव्हा, हप्त्यानं, थेट क्लासच्या पावतीवर. व्याज घरच्या कर्जासारखंच, शेकडा दोन. तिच्या आईनं अकोल्याच्या मावशीकडे विचारलंय, खोली करायची की तिथंच राहायचं. पुढच्या बैठकीत दोन अर्ज आलेत. एक मुलाचा आहे, एक मुलीचा.