तळटीप : कालवडीचे सीमेन

१. कालवडीचे सीमेन : लेखकाला येथे लिंगवर्गीकृत रेतमात्रा (सेक्स्ड सीमेन) अभिप्रेत आहे. एक्स गुणसूत्र वाय गुणसूत्राहून मोठे असते. त्यामुळे वळूच्या एक्सधारी शुक्राणूत डीएनए सुमारे ३.८ टक्के अधिक भरतो. माणसात हा फरक सुमारे २.८ टक्के. त्यावर बेतलेली पद्धत लॉरेन्स जॉन्सन व सहकाऱ्यांनी अमेरिकी कृषी खात्याच्या बेल्ट्सव्हिल केंद्रात विकसित केली. तिने सशांची पिल्ले जन्मल्याचे १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले. डीएनएला चिकटणारा होएक्स्ट ३३३४२ हा रंग शुक्राणूंना देतात, लेसरच्या झोतात प्रत्येकाची चमक मोजतात आणि त्याला वाहणाऱ्या थेंबावर धन वा ऋण विद्युतभार देऊन तो थेंब वेगळ्या बाजूला वळवतात. अशा मात्रेने साधारण १० पैकी ९ वासरे अपेक्षित लिंगाची होतात. मात्र गाभण राहण्याचे प्रमाण नेहमीच्या मात्रेपेक्षा कमी असते, म्हणून ती बहुधा पहिलारू कालवडींना भरतात. एरिक्सन यांची १९७३ ची, अल्ब्युमिनच्या थरांतून शुक्राणू पोहवण्याची पद्धत तितकी खात्रीची ठरली नाही. भारतात माणसांसाठी गर्भधारणापूर्व लिंगनिवड फेब्रुवारी २००३ पासून कायद्याने गुन्हा आहे. – संपा.