वस्तरा, दुधारी पाते आणि हाताचे कसब : कुपवाड परिसरातील दाढीचा इतिहास

सांगली आणि मिरज या शहरांच्या उत्तरेस असलेले कुपवाड आज औद्योगिक वसाहतीच्या नावाने ओळखले जाते आणि १९९८ पासून ते सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेत मोडते. त्यापूर्वी मात्र ते कृष्णाखोऱ्यातील एक शेतकरी गाव होते, आणि अशा गावांत पुरुषाने स्वतःच्या हाताने दाढी करण्याची रीत फारशी नव्हती. ते काम न्हाव्याचे होते. न्हावी हा बलुतेदार, म्हणजे वर्षभर गावाची नेमलेली सेवा करून सुगीला शेतकऱ्याच्या खळ्यावरून धान्याचा वाटा नेणारा कारागीर; त्रिं. ना. आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात ही व्यवस्था तपशिलाने आली आहे. त्याच्या धोकटीत, म्हणजे हत्यारांच्या पिशवीत, वस्तरा, कात्री, नखे काढण्याची नहरणी, चिमटा, पाण्याची वाटी आणि आरसा असा संच असे.

उघड्या वस्तऱ्याला हाताखेरीज दुसरा आवर नसतो. पाते कातडीशी किती कोनात धरायचे, दुसऱ्या हाताने कातडी कोठे ताणायची, हनुवटीच्या वळणावर जोर कसा काढून घ्यायचा, दगडावर लावलेली धार चामड्याच्या पट्ट्यावर कशी साफ करायची, हे सारे ज्ञान बापाकडून मुलाकडे जात असे आणि बलुत्याच्या हक्काइतकेच ते घराण्याचे भांडवल होते. जावळ, लग्न आणि मृत्यूनंतरचे क्षौर या विधींतही न्हाव्याला ठरलेले स्थान असल्यामुळे त्याला वगळण्याचा विचार सहसा कोणी करीत नसे. हे परावलंबन सर्वांना सारखे सोयीचे मात्र नव्हते. अस्पृश्य मानलेल्या जातींची हजामत गावचा न्हावी करीत नसे, त्यांना ती आपापसांत उरकावी लागे. आणि ब्राह्मणादी घरांतील विधवांच्या केशवपनासाठी त्याच न्हाव्याला बोलावणे जाई. १८९० साली मुंबईत सत्यशोधक नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी विधवांच्या केसांना वस्तरा न लावण्याचा निर्धार केला, ही या धंद्याच्या इतिहासातील सर्वांत अभिमानाची घटना मानावी लागेल.

हाताचे कसब हत्यारात बसवण्याचा प्रयत्न युरोपात बराच आधी सुरू झाला होता. अठराव्या शतकात पॅरिसच्या झां-झाक पेरे या कारागिराने सुताराच्या रंध्यावरून कल्पना घेऊन वस्तऱ्याला लाकडी आडोसा बसवला. खरे स्थित्यंतर घडले ते अमेरिकेत : किंग कॅम्प जिलेट याने वापरून टाकून देता येईल अशा पातळ दुधारी पात्याची कल्पना मांडली, विल्यम निकरसन याने इतके पातळ पोलाद कडक करण्याची अडचण सोडवली, आणि १९०४ मध्ये पेटंट मिळाले. १९०३ या विक्रीच्या पहिल्या वर्षी अवघे ५१ रेझर आणि १६८ पाती खपली होती. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी सुमारे ३५ लाख रेझर पुरवले गेले. सैन्य ही रोजच्या दाढीची मोठी शाळा होती, आणि इकडे ब्रिटिशांच्या हिंदी सैन्याला सैनिक पुरवण्यात सातारा-सांगलीचा मुलूख मागे नव्हता. साताऱ्याजवळच्या एकट्या आपशिंगे गावाचे ४६ जवान त्या युद्धात मरण पावले.

जिलेटच्या या ‘सेफ्टी रेझर’ची रचना साधी आहे : खालची तबकडी, वरची टोपी आणि त्या दोहोंत दाबून किंचित वाकलेले पाते. पात्याची कड तबकडीच्या संरक्षक पट्टीपलीकडे किती उघडी पडते आणि पाते व पट्टी यांत किती फट राहते, यावर रेझरचा स्वभाव ठरतो. दोन्ही मापे बेताची असली तर रेझर सौम्य, वाढली तर ‘आक्रमक’. आणि पट्टीच्या जागी फणीसारखे दात असले तर लांब खुंट अडकून न राहता सरळ धारेखाली येतात. जिलेटचे आरंभीचे रेझर अशा दातांचेच होते, हे लक्षात घेण्याजोगे आहे, कारण न्हाव्याच्या फेरीची वाट पाहत वाढलेल्या दाढीला सौम्य रेझर पुरा पडत नाही, त्याची फट साबण आणि केसांनी लगेच भरते.

आक्रमक रेझर शिकणे म्हणजे कारखान्याने काढून घेतलेले कसब पुन्हा हातात घेणे होय. दाढी कोमट पाण्याने चांगली भिजवून फेस जिरू द्यावा. मूठ बोटांच्या टोकांत धरून पात्याचा कोन सुमारे ३० अंशांचा ठेवावा. जोर मुळीच न लावता रेझरचे वजनच केसांवर चालू द्यावे आणि ओढी आखूड ठेवाव्यात. पहिला हात केसांच्या वाढीच्या दिशेने, दुसरा आडवा. उलटा हात शिकाऊ माणसाने काही आठवडे टाळलेलाच बरा, कारण गळ्यावर केसांची दिशा जागोजागी फिरते आणि चुकीच्या ओढीने कातडी सोलवटते. शेवटी थंड पाणी आणि तुरटी. यातला एकही नियम नवा नाही. वस्तरा चालवणाऱ्या न्हाव्याचा मुलगा हेच शिकत होता. म्हणून पहिल्याच दिवशी आक्रमक रेझर विकत घेणे हा शहाणपणा नव्हे, सौम्य रेझरवर हात बसल्यावर त्याकडे वळावे.

स्वातंत्र्योत्तर काळात न्हावी आणि गाव यांचा सारा संबंध बदलला. १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) अधिनियमाने अस्पृश्यतेच्या कारणावरून सेवा नाकारणे गुन्हा ठरवले. ठाण्याच्या विद्युत मेटॅलिक्सच्या ‘सुपर-मॅक्स’सारखी देशी पाती स्वस्तात मिळू लागली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि पुढे कुपवाडच्या वसाहतीत पाळी गाठणाऱ्या कामगाराला सकाळी घरीच दाढी उरकणे भाग पडू लागले; धान्याच्या बलुत्याऐवजी रोख पैशांवर चालणारे सलून आले. त्यानंतर एड्सच्या भीतीने सलूनमधला जुना वस्तराही मागे पडला. आता बहुतेक कारागीर दुधारी पाते उभे मोडून त्याचा अर्धा भाग घडीच्या वस्तऱ्यात बसवतात आणि प्रत्येक गिऱ्हाइकासाठी तो नवा घेतात.