जुन्या जीपचे पाटे : घरच्या घरी दुरुस्ती, पण क्रमाने

प्रतिनिधी

मुंबई-पुणे जुन्या महामार्गावर दांड फाट्याला आत वळले, की रसायनी-मोहोपाड्याचा रस्ता लागतो. एका बाजूला पाताळगंगेचे खोरे आणि औद्योगिक वसाहत, दुसरीकडे खालापूर-कर्जतची भातशेती, वाड्या आणि फार्महाऊस. अवजड वाहनांनी खचलेले रस्ते, शेतापर्यंत जाणाऱ्या कच्च्या वाटा आणि जूनपासून चार महिने कोसळणारा पाऊस यांमुळे या पट्ट्यात जुन्या जीपगाड्या अजूनही टिकून आहेत. मात्र याच रस्त्यांनी त्यांचे पाटे, बुश आणि शॉक अॅब्सॉर्बर सर्वांत लवकर झिजतात.

गाडी आदळते म्हणून अनेक जण आसनांच्या गाद्या बदलतात किंवा टायरमधील हवा कमी करतात. झिजलेल्या सस्पेन्शनचा प्रश्न आरामापुरता मर्यादित नाही. उसळणारे चाक जमिनीला धरून राहत नाही. ब्रेक लावल्यावर गाडी थांबण्यास अधिक अंतर घेते आणि वळणावर एका बाजूला झुकते. खोपोलीहून बोरघाट चढणाऱ्या-उतरणाऱ्या वाहनाच्या बाबतीत हा दोष जिवावर बेतू शकतो. पाटे असलेल्या गाडीचे सस्पेन्शन साध्या हत्यारांनी घरच्या अंगणातही सुधारता येते. त्यासाठी ताकदीपेक्षा कामाचा क्रम सांभाळणे अधिक महत्त्वाचे असते.

आपल्या गाडीला काय आहे?

1940 च्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीने मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली. त्या जीपला चारही चाकांवर पाटे होते. पुढे सीजे मालिका आणि एमएम 540 यांतही हीच रचना कायम राहिली. 2000 मध्ये आलेल्या बोलेरोला मागे पाटे, तर पुढे कॉइल स्प्रिंग आहे. 2010 च्या थारला मागे पाटे असले, तरी पुढे टॉर्शन बार, म्हणजे पीळ घेऊन भार पेलणारा पोलादी दांडा आहे. पाट्यांचे काम घरी करता येते. कॉइल आणि टॉर्शन बार मात्र दाबलेल्या अवस्थेत मोठी ऊर्जा धरून असतात. योग्य साधनांवाचून ते सोडविणे धोक्याचे असून ते काम गॅरेजवरच सोपवावे.

पाटे आणि शॉक अॅब्सॉर्बर यांची कामे वेगळी आहेत. गाडीचे वजन पाटे पेलतात. खड्ड्यानंतर त्यांना बसणारे हेलकावे शॉक अॅब्सॉर्बर आवरतो. म्हणून बसलेली गाडी नवे शॉक अॅब्सॉर्बर टाकून उचलली जात नाही.

झीज ओळखावी कशी?

गाडी रिकामी करून सपाट फरशीवर उभी करावी. चारही टायरमध्ये ठरलेली हवा असावी. प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर टेपने मोजून लिहून ठेवावे. डाव्या-उजव्या बाजूंत दीड-दोन सेंटीमीटरहून अधिक फरक असल्यास त्या बाजूचा पाटा बसला असण्याची शक्यता आहे. नंतर बंपरवर जोर देऊन गाडी खाली दाबावी आणि सोडावी. ती वर येऊन स्थिरावली पाहिजे. दोन-तीन वेळा डोलत राहिली, तर शॉक अॅब्सॉर्बर निकामी झाले आहेत. त्यांच्या अंगावरून ओघळलेले तेल, टायरवर ठिकठिकाणी पडलेले खळगे हीसुद्धा त्याचीच लक्षणे होत.

पाट्याच्या टोकाचे बुश पाहण्यासाठी छोटी पहार घालून हलकेच उचकटावे. रबर तडकले असेल किंवा बोल्ट डोळ्यात हलत असेल, तर बुश संपले आहेत. गाडी समोरून येताना खेकड्यासारखी तिरकी चालत असेल, तर पाटे एकत्र धरणारा सेंटर बोल्ट तुटून अॅक्सल सरकला असण्याची शंका घ्यावी. अशी गाडी रस्त्यावर नेऊ नये.

गाडीखाली जाण्यापूर्वी

या कामातील सर्वांत मोठा धोका गाडी अंगावर येण्याचा आहे. केवळ जॅकच्या आधारावर गाडीखाली कधीही जाऊ नये. मातीच्या अंगणात जॅक रुततो. म्हणून काम फरशीवर किंवा काँक्रीटवरच करावे. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावावेत. गाडी उचलून चॅसीखाली, पाट्याच्या पुढील टोकाच्या किंचित पुढे, लोखंडी घोड्या लावाव्यात. विटा किंवा रचलेले दगड चालत नाहीत, ते भाराखाली अचानक फुटतात. घोड्यांवर भार आल्यावर गाडी हाताने हलवून पाहावी. सोबतीला एक माणूस असणे केव्हाही श्रेयस्कर.

पाटा उतरविताना

गंजलेल्या नटबोल्टवर आदल्या रात्रीच गंज सोडविणारे तेल सोडून ठेवावे. एका वेळी एकाच बाजूचा पाटा काढावा. दुसऱ्या बाजूचा पाटा अॅक्सल जागेवर धरून ठेवतो. पाट्याचे पुढचे टोक कोणते, हे रंगाने खूण करून ठेवावे, कारण अनेक गाड्यांत सेंटर बोल्ट बरोबर मध्यावर नसतो.

अॅक्सलखाली दुसरा जॅक केवळ त्याचे वजन पेलेल इतपत लावावा. शॉक अॅब्सॉर्बरचे खालचे टोक सोडावे. नंतर चार नट काढून यू-बोल्ट आणि खालची पट्टी उतरवावी. जॅक थोडा वर-खाली करून पाट्यावरील ताण गेला, की आधी शॅकलचा आणि मग दुसऱ्या टोकाचा बोल्ट काढावा. ताण असताना बोल्ट घणाने ठोकून काढण्याचा मोह टाळावा. फार जुन्या जीपमध्ये आट्यांचे शॅकल असतात. त्यांपैकी काहींचे आटे उलटे असल्याने जोर लावण्यापूर्वी खात्री करून घ्यावी.

सफाई, तपासणी आणि नवे भाग

पाट्यांची चळत दाबलेली असते. म्हणून सेंटर बोल्ट सोडण्यापूर्वी दोन मजबूत सी-क्लॅम्प लावावेत आणि बोल्ट काढल्यावर ते हळूहळू सैल करावेत. पावसाळ्यातील चिखल पाट्यांच्या मधोमध साठून आत गंज धरतो. वायरब्रशने प्रत्येक पाटा स्वच्छ करून उजेडात तपासावा. आडवी बारीक तांबूस रेघ दिसली, तर ती बहुधा चीर असते. असा पाटा बदलावा. त्यावर वेल्डिंग करू नये, कारण उष्णतेने पोलादाचे पाणी उतरते आणि पाटा त्याच जागी पुन्हा तुटतो.

जाडीकडेही लक्ष द्यावे. पाट्याचा ताठरपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. 7 मिलिमीटरचा पाटा गंजून 6.3 मिलिमीटर झाला, तर जाडी दहा टक्केच घटते, पण ताठरपणा सुमारे 27 टक्क्यांनी कमी होतो. नेमक्या याच कारणामुळे ‘एक जाड पाटा वाढवा’ हा सल्ला सरसकट मानू नये. गाडी उंच होते, पण रिकामी असताना दगडासारखी आदळते आणि तो आघात चॅसीवर जातो.

बसलेल्या पाट्यांना पुन्हा कमान देणारे कारागीर महामार्गांच्या कडेला आढळतात. थंड पाट्याला दाबयंत्रावर कमान देणे काही काळ उपयोगी पडते. भट्टीत तापवून केवळ ठोकलेला आणि पुन्हा नीट पाणी न दिलेला पाटा मात्र लवकरच बसतो किंवा तडकतो. खर्च परवडत असल्यास दोन्ही बाजूंचे पाटे एकदमच नवे घ्यावेत.

पाट्यांमध्ये ग्रॅफाइट ग्रीसचा पातळ थर द्यावा. रबरी बुश बसविताना मात्र ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावू नये, त्याने रबर फुगते. साबणाचे पाणी पुरते. सेंटर बोल्ट आणि यू-बोल्ट नवेच वापरावेत. एकदा ताणले गेलेले यू-बोल्ट पुन्हा पूर्वीइतकी पकड देत नाहीत.

शेवटचा पीळ गाडी जमिनीवर असताना

घरच्या दुरुस्तीतील सर्वाधिक आढळणारी चूक येथे होते. सेंटर बोल्टचे डोके अॅक्सलवरील खाचेत बसल्याची खात्री करून यू-बोल्ट आळीपाळीने, तिरप्या क्रमाने सारखे आवळावेत. दोन्ही टोकांचे बोल्ट मात्र या वेळी हातानेच बसवावेत. चाके लावून गाडी जमिनीवर घ्यावी, दोन-चार वेळा दाबून सोडावी आणि त्यानंतरच ते बोल्ट पूर्ण आवळावेत.

यामागचे कारण सोपे आहे. गाडी अधांतरी असताना पाटा लोंबतो. त्या अवस्थेत आवळलेले रबरी बुश जमिनीवर येताच पिळले जाते आणि कायम पिळलेलेच राहते. नवे बुश काही महिन्यांतच फाटल्याची तक्रार अनेकदा यातूनच उद्भवते. आवळण्याचे माप गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे टॉर्क पान्याने घ्यावे. साधारण 500 किलोमीटर चालल्यावर यू-बोल्ट पुन्हा तपासावेत.

शॉक अॅब्सॉर्बर नेहमी जोडीने बदलावेत. साधे, तेलाचे असल्यास बसविण्यापूर्वी उभे धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबावे व ओढावे, म्हणजे आतील हवा निघून जाते.

गॅरेज आणि कायदा

पुढच्या पाट्यांचे काम झाल्यावर व्हील अलाइनमेंट करून घ्यावे. काही गाड्यांत मागील ब्रेकचा दाब भाराप्रमाणे बदलणारा व्हॉल्व्ह अॅक्सलला जोडलेला असतो. गाडीची उंची बदलली असल्यास तो तपासून घेणे आवश्यक आहे. हेडलाइटचा झोतही पुन्हा लावावा. किंगपिन, बॉल जॉइंट किंवा ब्रेकच्या नळ्या यांत दोष आढळल्यास स्वतः प्रयोग करू नयेत.

मूळ मापाचे भाग बदलणे ही दुरुस्ती होय. गाडी उंच करण्यासाठी केलेला बदल मात्र मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 च्या कक्षेत येऊ शकतो. उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केले आहे. खासगी वाहनाची नोंदणी 15 वर्षांनी नूतनीकरणास येते. त्या तपासणीपूर्वी सस्पेन्शन नीट करून घेणे मालकाच्या हिताचे ठरते.

केव्हा करावे?

मे महिन्यात तपासणी आणि पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरमध्ये सफाई, असा वर्षाचा क्रम ठेवल्यास पाटे दीर्घकाळ टिकतात. पावसाळ्यात चिखलातून आल्यावर पाण्याच्या साध्या धारेने पाटे धुतले, तरी निम्मा गंज टळतो. दुरुस्तीनंतर पहिली फेरी रिकाम्या गाडीने, जवळच्या रस्त्यावर, कमी वेगात मारावी. परत आल्यावर प्रत्येक नट पुन्हा पाहावा. त्यानंतरच माणसे बसवावीत आणि घाटाची वाट धरावी.