तळटीप : ओपिनेल

१. ओपिनेल : फ्रान्समधल्या साव्हुआ या आल्प्सच्या डोंगराळ मुलखातला घडीचा चाकू. जोसेफ ओपिनेल याने तो १८९० मध्ये घडवला. मुळात १ ते १२ असे क्रमांक होते. १ आणि ११ पुढे बंद झाले. ‘आठ नंबर’ म्हणजे साडेआठ सेंटिमीटर पात्याचा, खिशात सहज मावणारा.

इथे आजोबा चाकूचा बुडखा कुंपणाच्या खांबावर आपटतात, तो राग नव्हे. मूठ बीचच्या लाकडाची असते. पावसात, ओल्या गवतात ती फुगते आणि पाते खाचेत अडकून बसते. बुडखा ठोकला की ते जरासे बाहेर येते, मग चिमटीत धरून ओढायचे. मुठीच्या तोंडाशी फिरणारे कडे १९५५ मधले. ते फिरवले की उघडे पाते बोटांवर मिटत नाही.

अनुवादाच्या पहिल्या खर्ड्यात ‘रामपुरी’ असा शब्द होता. तो मी काढला. रामपुरी खटक्यावर उघडतो आणि वाचकाला थेट हिंदी सिनेमात नेऊन सोडतो. इथे त्याच पात्याने आधी द्राक्षवेलीचा फुटवा छाटायचा, मग ते पँटला पुसून चीज कापायचे. कोकणात आंब्याची कलमे बांधणाऱ्याच्या खिशातला चाकू डोळ्यांपुढे आणावा. — संपा.