टेकडी-श्रमदान, पुणे

पुणे शहरातील टेकड्यांवर नागरिकांनी विनामोबदला केलेली झाडे लावणे, जगवणे, वणवा रोखणे, कचरा वेचणे इत्यादी कामे. वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, लॉ कॉलेजची टेकडी, चतुःशृंगी, तळजाई, पर्वती-पाचगाव, बाणेर-पाषाण ही त्याची प्रमुख ठिकाणे. या टेकड्यांना बहुतांशी बागेसारखे कुंपण, फाटक आणि माळी नाही. जमिनीची मालकीही एकसारखी नाही. काही भाग वन विभागाकडे, काही महापालिकेकडे, काही शिक्षणसंस्थांकडे, तर काही खासगी मालकांकडे आहे. तरीही रोज पहाटे फिरायला येणाऱ्यांच्या लेखी ते सार्वजनिक उद्यानच आहे. श्रमदानाची माणसेही बहुतांशी याच फिरणाऱ्यांतून मिळतात.

टेकड्या बेसाल्टच्या असून माथ्यावर मातीचा थर जेमतेम वीतभर असतो. त्याखाली मुरूम, मग कातळ. पाऊस वर्षाला साधारण 700 ते 750 मिलिमीटर, पण त्यातला बहुतांश जून ते सप्टेंबरमध्ये पडून जातो. पुढचे आठ महिने रोपाला स्वतःच्या मुळांवर किंवा माणसाच्या खांद्यावर जगावे लागते. टेकडीवरच्या कामाचे सगळे वेळापत्रक या एका गोष्टीवर ठरते.

खड्डे मे महिन्यात खणून उन्हात तापत ठेवतात. मुरूम पहारीनेच फुटतो. कुदळीचे ते काम नव्हे. उतारावर समतल चर काढले की पाणी धावत न जाता मुरते. दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर रोप लावतात, भोवती आळे करतात, उताराच्या बाजूला दगडांची ओळ रचतात आणि आळ्यात पालापाचोळ्याचे आच्छादन घालतात. इथवरच्या कामाला माणसे कमी पडत नाहीत. महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेची पथके येतात, कंपन्यांचे कर्मचारी एकसारखे टी-शर्ट घालून येतात. 2016 ते 2019 या काळात राज्य सरकारने 50 कोटी वृक्षलागवडीची मोहीम चालवली, तेव्हापासून तर जुलै हा छायाचित्रांचाच महिना झाला आहे.

खरे श्रमदान दिवाळीनंतर सुरू होते. घरून पाच लिटरचा कॅन भरून आणायचा, चढ चढायचा आणि ठरलेल्या चार-सहा रोपांना पाणी घालून रिकामा कॅन घेऊन उतरायचे, हा शेकडो ज्येष्ठांचा नेम आहे. काही ठिकाणी माथ्यावर प्लास्टिकच्या टाक्या बसवल्या असून तिथून कॅन भरून घेता येतात. बाटलीच्या बुडाला बारीक भोक पाडून ती रोपाच्या मुळाशी ठेवली, तर थोडे पाणी बराच वेळ पुरते. पहिले दोन-तीन उन्हाळे असे काढले की झाड बहुधा आपले आपण तगते. जुलैत एका रोपाभोवती दहा माणसे आणि एप्रिलमध्ये दहा रोपांमागे एक, हे प्रमाण मात्र अजून फारसे बदललेले नाही.

फेब्रुवारीपासून वणव्यांचा काळ. वाळलेल्या गवतात पडलेले एखादे विडीचे थोटूक वर्षभराची मेहनत तासाभरात संपवते. त्यासाठी पायवाटांच्या कडेचे गवत आधीच काढून जाळरेषा आखतात. आग लागलीच, तर हिरव्या डहाळ्यांनी झोडपून ती विझवतात. धूर प्रथम सकाळी किंवा संध्याकाळी फिरणाऱ्यांनाच दिसतो, त्यामुळे त्यांची वर्दळ हीच इथली राखण आहे.

काय लावावे, याबद्दल मतभेद आहेत. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात वन विभागाने टेकड्यांवर गिरिपुष्प (उंदीरमारी) मोठ्या प्रमाणावर लावले. मध्य अमेरिकेतले हे झाड उथळ जमिनीत भराभर वाढते आणि नुसती फांदी खोचली तरी फुटते. टेकड्या त्यामुळे हिरव्या झाल्या, पण त्या हिरवाईत इतर झाडांना फारशी जागा उरली नाही. देशी वृक्षांविषयी सातत्याने लिहिणारे श्री. द. महाजन आणि परिसर-पुनरुज्जीवनाचा विचार मांडणारे प्रकाश गोळे (त्यांनी 1982 मध्ये पुण्यात इकॉलॉजिकल सोसायटी स्थापन केली) यांच्यामुळे अनेक गट पळस, पांगारा, सालई, मोई, गणेर अशा मूळच्या झाडांकडे वळले.

याहून अवघड प्रश्न गवताचा आहे. टेकडीचे काही पठारी भाग नैसर्गिक गवताळ आहेत. चंडोलासारखे पक्षी तिथे जमिनीवरच घरटी करतात. उघडा माळ दिसला की तो ‘ओसाड’ ठरवून खड्डे घेण्याची घाई उत्साही मंडळी करतात. सावली पडली की गवत जाते, आणि गवताबरोबर त्यावर जगणारेही जातात. अशा जागी झाड न लावणे हीच सेवा ठरते, पण न लावलेल्या झाडापुढे उभे राहून छायाचित्र कसे काढणार? तिथे करण्यासारखे काम आहे ते उपटण्याचे. पिवळ्या-केशरी कॉसमॉसचे पावसाळ्यानंतरचे ताटवे पाहायला गर्दी होते, पण ही परदेशी वनस्पती गवताची जागा बळकावते. ती बी धरण्याआधी, माती ओली असतानाच मुळासकट काढावी लागते. घाणेरीची मुळे चिवट असल्याने तिला कुदळच लागते.

श्रमदान करणाऱ्यांना टेकडीवर कायदेशीर हक्क नसतो, पण टेकडीच्या राजकारणात त्यांचे वजन आहे. 1997 मध्ये शहरात आलेल्या गावांमधील टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचे आरक्षण टाकावे, यासाठी नागरिकांनी दीर्घकाळ लढा दिला. बालभारती ते पौड फाटा या प्रस्तावित रस्त्याविरुद्ध 2023 च्या एप्रिलमध्ये वेताळ टेकडी वाचवण्यासाठी मोर्चा निघाला. रोज कॅन घेऊन चढणारे पाय त्यातही होते.

लावण्याला आणि काढण्याला परवानगीचे नियम आहेत. वनजमिनीवर खड्डा घेण्यासाठीही वन विभागाची संमती लागते. महापालिका हद्दीतील झाडांना 1975 चा महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम लागू असून झाड तोडायचे तर वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज करावा लागतो. त्यामुळे गिरिपुष्प काढून तिथे पळस लावू इच्छिणाऱ्या गटालाही आधी कागद रंगवावे लागतात. बहुतेक गट तो मार्ग सोडून गिरिपुष्पाच्याच विरळ सावलीत देशी रोपे वाढवतात.