गिगाहर्ट्‌झचे दिवस

लॅपटॉप घ्यायला गेलेला माणूस हल्ली बॅटरी किती तास चालते हे आधी विचारतो. वीस वर्षांपूर्वी पहिला प्रश्न ठरलेला असे, "किती गिगाहर्ट्‌झचा?" आकडा मोठा तितके यंत्र चांगले, ही समजूत लोकांच्या डोक्यात आपोआप शिरलेली नव्हती. प्रोसेसर बनवणाऱ्या कंपन्यांनीच ती वर्षानुवर्षे रुजवली होती.

२००५ साली माझा भाचा तालुक्याच्या कॉलेजात शिकवत होता. त्याला पीएच.डी.चा प्रबंध लिहायचा होता आणि गावात भारनियमनाने संध्याकाळ काळोखात जायची. लॅपटॉप पतपेढीचे कर्ज काढून घ्यायचा होता, म्हणजे निवड फसली तर हप्ते फिटेपर्यंत दुसरा मिळणे नाही. दुकानदाराने दोन यंत्रे समोर ठेवली. एकात पेंटियम ४, वेग तीन गिगाहर्ट्‌झच्या वर. दुसऱ्यात पेंटियम एम, वेग जेमतेम १.७, आणि वर किंमतही जास्त! "मामा, कमी वेगाला जास्त पैसे कशाला मोजायचे?" भाच्याचा प्रश्न रास्त होता.

याचे उत्तर इतिहासात आहे (माझा विषयच तो, त्यामुळे थोडे सहन करा).

इंटेलने नोव्हेंबर २००० मध्ये पेंटियम ४ बाजारात आणला तो १.४ आणि १.५ गिगाहर्ट्‌झचा. दोन वर्षांत आकडा तीनच्या पुढे गेला. हे कसे साधले? स्लॅब टाकताना घमेल्यांची रांग आपण सर्वांनी पाहिली आहे. रांगेत माणसे वाढवली की प्रत्येकाला हात थोडाच लांबवावा लागतो आणि घमेली भराभर सरकतात. पेंटियम ४ मध्ये एकेका कामाचे असे वीस टप्पे केले होते. २००४ च्या सुधारित आवृत्तीत ते एकतीस झाले. पण प्रोसेसर पुढे काय लागेल याचा अंदाज बांधून काम आधीच रांगेत सोडत असतो. अंदाज चुकला की रांगेतली सगळी घमेली ओतून टाकायची आणि पहिल्यापासून सुरुवात! रांग जितकी लांब तितके नुकसान मोठे. शिवाय या धावपळीने यंत्र तापते. टेबलावरच्या संगणकात पंखा लावून ते भागते, मांडीवरच्या यंत्रात बॅटरी संपते आणि मांडीही भाजते.

इस्रायलमधल्या हैफा शहरात इंटेलचे १९७४ पासून संशोधन केंद्र आहे. तिथल्या अभियंत्यांनी लॅपटॉपसाठी वेगळा विचार केला. त्यांनी जुन्या पेंटियम ३ चा घाट पायाशी धरला, रांग आखूड ठेवली, अंदाज बांधण्याची रीत सुधारली आणि प्रोसेसरच्या पोटातली स्मृती वाढवून एक मेगाबाइट केली. तिचा जो भाग लागेल तेवढाच जागा ठेवायचा, बाकीचा निजवायचा. काम नसेल तेव्हा १.६ गिगाहर्ट्‌झचा प्रोसेसर ६०० मेगाहर्ट्‌झवर उतरे. खर्च जास्तीत जास्त २४.५ वॅट! त्याच सुमारास टेबलावरचा पेंटियम ४ ऐंशी वॅटच्या पुढे गेला होता.

या प्रकल्पाचे आतले नाव 'बनियास'. आपल्याला ऐकून किराणा दुकान आठवेल, पण गोलान टेकड्यांच्या पायथ्याशी या नावाचे प्राचीन ठिकाण आहे. ग्रीकांच्या पॅन देवावरून ते पूर्वी पानियास होते. अरबीत 'प' नाही, म्हणून बनियास झाले.

हा प्रोसेसर मार्च २००३ मध्ये पेंटियम एम या नावाने आला. अडचण होती ती विकण्याची. ज्या ग्राहकाला आकडा बघायला शिकवले, त्याला आता आकडा बघू नको म्हणायचे कसे? इंटेलने प्रोसेसर, त्याच्या जोडीच्या चिप आणि बिनतारी जोडणी यांची मोट बांधून 'सेंट्रिनो' नावाने जाहिरात केली. २००४ मध्ये तर प्रोसेसरला ७३५, ७४५ असे क्रमांक दिले आणि गिगाहर्ट्‌झचा आकडा हळूच मागे सारला.

आम्ही १.७ वालाच घेतला. दिवे गेल्यावरही भाचा तीन तास लिहीत बसे. त्या तीन तासांपुढे मला दुकानातला मोठा आकडा कधी मोलाचा वाटला नाही.

इकडे पेंटियम ४ ची शर्यत संपत आली होती. चार गिगाहर्ट्‌झचा प्रोसेसर देऊ असे सांगून ऑक्टोबर २००४ मध्ये इंटेलने तो बेत रद्द केला. कंपनीचे तेव्हाचे प्रमुख क्रेग बॅरेट यांनी एका परिषदेत भर व्यासपीठावर गमतीने गुडघे टेकून त्याबद्दल क्षमा मागितली. पुढे जुलै २००६ मध्ये कोअर २ ड्युओ आला. तो पेंटियम एमच्या घराण्यातला, घडलाही हैफाच्याच लोकांच्या हातून. लॅपटॉपसाठी काढलेली आखूड रांग आता टेबलावरच्या संगणकातही जाऊन बसली होती.